वाकोडे सरांचं मडकं

"छान आहे, आजी," असं रेणू म्हणाली आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

खिचडीची रांग होती. मी खिचडीच्या मोठ्या गंजापाशी डाव घेऊन बसले होते. पोरगी समोर आली तेव्हाच मला तिचे डोळे दिसले. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. तोंडाच्या एका बाजूनं लाळ गळत होती आणि ती पुसायला तिचा हात वर जात नव्हता. मी विचारलं, "काय झालं वं रेणू? डोळे काहून झाकून राह्यली?" तेव्हा तिनं ते म्हटलं. जीभ जड झाली होती, शब्द अर्धा तोंडातच राहिला, पण शब्द तोच होता. मग ती गुडघ्यातून खाली बसली. गरम खिचडी पायावर सांडली तरी तिनं पाय ओढला नाही. मी डाव टाकून उठले.

तिच्या उजव्या हातातून एक गोटा घरंगळत माझ्या चुलीपाशी आला. नाल्यातला साधा गोटा. त्यावर निळ्या रंगानं लिहिलेलं होतं, 'आनंद'.

गोटा वाकोडे सरांचा. 'छान' हा शब्दही त्यांचाच. त्यांच्याबद्दल चांगलं सांगणारे आमच्या महागाव तालुक्यात पुष्कळ आहेत. मी उरलेलं सांगते.

मी शाळेत खिचडी शिजवते. स्वतः चौथी शिकलेली आहे. आमचं गाव फुलसावंगीहून आत, आणि शाळाही चौथीपर्यंतच. दोन मास्तर, त्यातले एक कायम कोणत्या तरी मिटिंगला गेलेले. म्हणजे शाळा वाकोडे सरांचीच. ते मूळचे नेर तालुक्याकडचे. अंगानं बारीक, शर्ट पांढरा, वरच्या खिशात कंगवा. बोलता बोलता कंगवा काढायचे, केस मागे न्यायचे आणि पुढचं वाक्य बोलायचे. वाक्य अवघड असलं की कंगवा दोनदा फिरायचा. पाण्याच्या बाटलीत तुळशीची पानं टाकलेली असायची. मला 'मावशी' म्हणायचे. बोलणं पुस्तकातलं, आमच्यासारखं नाही. घाबरले की मात्र त्यांची नेरची बोली बाहेर यायची. हे मला पुढे कळलं.

त्यांच्या आधीचा मास्तर तुराटीनं मारायचा. पोरं त्याला पाहून कपाशीत लपायची. वाकोडे सरांनी एकाही पोराला हात लावला नाही. हे मी मान्य करते, कारण ते खरं आहे. वेचणीच्या दिवसांत मायबाप पोरांना कापूस वेचायला न्यायचे, तेव्हा सर मोटारसायकल घेऊन वावरात जायचे. भांडायचे नाहीत. धुऱ्यावर बसायचे, प्यायला पाणी मागायचे, यंदा बोंड कसं आहे विचारायचे आणि उठायचेच नाहीत. शेवटी बाप कंटाळून म्हणायचा, "घेऊन जा बापा याले, पण तुमी उठा." मग सर एका गाडीवर तीन पोरं बसवून शाळेत यायचे. शाळा त्यांनी भरवली. म्हणूनच गावानं पुढे त्यांचं सगळं ऐकलं.

आल्यावर महिनाभरात त्यांनी सांगितलं की, मनात येणारा विचार आपण निवडू शकतो. मी तांदूळ निवडत बसले होते, तिथंच पोरांना घेऊन आले. "पाहा, मावशी काय करतायत? खडा बाजूला, तांदूळ आत. मनाचंही असंच करायचं. वाईट विचार बाजूला टाकायचा, चांगला आत ठेवायचा. मग आयुष्य सुखाचं होतं."

मी म्हटलं, "सर, खडा टाकाले आधी खडा पाहा लागते."

सर हसले. "छान बोललात, मावशी." आणि पोरांना घेऊन गेले. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. ते सगळ्यांनाच 'छान बोललात' म्हणायचे.

हजेरीला पोरं 'हजर सर' म्हणत नसत, 'छान सर' म्हणत. 'नाही' हा शब्द शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यायचा, असा नियम होता. पोरं हुशार असतात. गृहपाठ केला का, असं विचारलं की, "करायचा आहे, सर." दात घासले का? "घासायचे आहेत, सर." सरांना त्यात खोट दिसायची नाही. ते पाठ थोपटायचे.

आणि मडकं. निंबाच्या झाडाखाली तिपाईवर एक कोरं मडकं, वर झाकणी. ज्या पोराच्या मनात काही वाईट असेल त्यानं तिथं जायचं, झाकणी काढायची, मडक्यात तोंड घालून ते हळूच सांगायचं आणि झाकणी परत लावायची. बाजूला सुपात गोटे ठेवलेले असत. पोरांनीच नाल्यातून आणलेले, सरांनी रंगवलेले. आनंद, हिंमत, आशा, प्रेम, असं काय काय. त्यातला एक निवडायचा आणि दिवसभर जवळ ठेवायचा. मग सर विचारायचे, "आता कसं वाटतं?" पोरानं म्हणायचं, "छान, सर." आठवड्याला सर मडकं निंबाच्या बुडाशी पालथं करायचे. रिकामंच मडकं, पण असं जपून पालथं करायचे जसं त्यात काही भरलं आहे. पोरं टाळ्या वाजवायची.

पोरांना ते आवडायचं. मायबापांनाही. घरी किरकिर करणारं पोर किरकिर करेनासं झालं, तर कोणत्या मायला आवडणार नाही? साहेब लोक पाहायला येऊ लागले. आले की मडक्यापाशी फोटो काढायचे आणि मग माझी खिचडी खायचे.

एक पोरगा होता, गजू. त्याच्या बापाचा बैल वीज पडून मेला. दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेत आला तेव्हा त्याचा चेहरा सुजलेला होता. सरांनी त्याला मडक्याकडे पाठवलं, मग सगळ्यांपुढे उभं केलं. "गजू, यात चांगलं काय ते शोध. शोधलं की सापडतं." गजूनं नाक बाहीला पुसलं. मग म्हणाला, "आता चारा आणाचं काम वाचलं, सर." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याला दोन गोटे दिले. दुपारी तो माझ्याकडे खिचडीला आला तेव्हा ताट तसंच पुढे धरून उभा राहिला, वाढलं तरी हलेना. मी म्हटलं, "रडतं का रे?" तर म्हणाला, "शाळा सुटल्यावर."

तुम्ही म्हणाल, सर ढोंगी होते. ढोंगी असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांची माय गेली तेव्हा ते दहावं उरकून थेट शाळेत आले. डोक्यावर एक केस नाही. पोरांनी विचारलं, "सर, टक्कल काहून केली?" सर म्हणाले, "डोक्याला हलकं वाटतं. छान वाटतं." आणि खिशातून कंगवा काढला. सवयीनं काढला, हातात धरून पाहिला आणि परत ठेवला. नंतर ते निंबाखाली गेले आणि झाकणी काढून मडक्यात तोंड घालून उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. पाठ हलत होती त्यांची. मग सुपातला गोटा घेतला आणि वर्गात गेले. दुसऱ्यावर चालवायचे तेच ते स्वतःवर चालवायचे. पण त्यांचं वय झालेलं होतं, आणि पोरं लहान होती.

आता त्या दिवसाचं.

रेणू माझ्या शेजारची. दिलीप आणि ज्योतीची पोरगी, तेव्हा चौथीत. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे ती अर्धी माझ्या अंगणात वाढली. पावसाळ्याचे दिवस होते. मायबाप उजाडताच वावरात निंदायला, तण काढायला गेले होते आणि मी शाळेत पाणी भरायला. पोरगी एकटी उठली, एकटी तयार झाली, शाळेत आली. पुढे खिचडीच्या रांगेत जे झालं ते सांगितलंच.

सर धावत आले. पोरीला त्यांनीच उचललं. मोटारसायकल काढली, मधे पोरगी, मागे मी, आणि महागावच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. रस्त्यात खड्ड्यांत पाणी. गाडी त्यांनी अशी चालवली की तरणा पोरगाही चालवणार नाही. तेही मान्य. पण तोंड चालूच. "मावशी, छान विचार करा. सगळं नीट होईल. चांगला विचार निवडा." पोरीची मान माझ्या हातावर लोंबत होती, श्वास घशात खरखरत होता. मी मागून त्यांच्या पाठीत बुक्की हाणली. म्हटलं, "मास्तर, तोंड बंद कर अन् गाडी चालव!" त्यानंतर ते एवढंच म्हणाले, "पोरीले घट्ट धरजो, मावशी." घाबरले तेव्हाची बोली ही.

दवाखान्यात तरणी डॉक्टरीणबाई होती. तिनं पोरीच्या पापण्या वर केल्या, सोडल्या. त्या आपोआप खाली आल्या. तिनं विचारलं, "रात्री खाली झोपली होती का?"

मी म्हटलं, "हो. चटईवर. खालीच झोपतेत सगळे."

"मण्यार असेल. झोपेत चावते, कळतही नाही, खूणही दिसत नाही. सकाळी आधी पोट दुखतं, मग गिळता येत नाही, मग असं." तिनं सिस्टरला इंजेक्शनं काढायला सांगितली आणि आमच्याकडे वळली. "सकाळी पोट दुखतं असं कोणाला म्हणाली का ही? किती वेळ झाला ते मला कळायला पाहिजे."

सर म्हणाले, "नाई. काईच बोलली नाई, डॉक्टर. सकाळी चांगली होती."

त्यांच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदा ऐकला. ऐकला आणि मला तो खरा वाटला. पोरगी तिथं खाटेवर निपचित पडलेली. डॉक्टरीणबाईनं घशात नळी घातली, सिस्टर फुगा दाबू लागली. श्वास तिचा नव्हता, त्या फुग्याचा होता. मग गाडी आली. तोवर दिलीप आणि ज्योती वावरातून आले होते, पायाला चिखल तसाच. तिला घेऊन यवतमाळला गेले. मी एसटीनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी गजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजी, रेणू मरते का?"

"माहीत नाई."

"सकाळीच रडत होती. सरले म्हणे, पोट लय दुखून राह्यलं, थुंकी गिळता नाई येत. सर म्हणे, मडक्यात सांग अन् एक चांगला गोटा निवड."

"मंग?"

"मंग लय वेळ मडक्यात बोलली. मी मागंच होतो नंबरले. मंग सरनं इचारलं, कसं वाटते? तं म्हणे, छान."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. बाहेर गेले. निंबाखालचं मडकं उचललं आणि शाळेच्या पायरीवर आपटलं. आत थोडी माती होती आणि एक मेलेला भुंगा. पोरं वर्गातून बाहेर आली. सर आले. मी विचारलं, "पोरीनं सांगतलं होतं का नव्हतं तुमाले?"

सरांनी कंगवा काढला. केस मागे नेले. पुन्हा नेले. म्हणाले, "मावशी, तुमच्या मनात राग आहे. मी समजू शकतो. राग हा खडा आहे. बाजूला टाका."

"टाकत नाई. राहू द्या तिथंच."

आठवड्याच्या आत तिपाईवर नवीन मडकं आलं. त्यावर सूर्यफूल काढलेलं.

रेणू वाचली. यवतमाळच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस नळीवर होती, पण वाचली. नळीमुळे आवाज मात्र घोगरा झाला, तो आजही तसाच आहे. ती घरी आली तेव्हा दिलीपनं सरांना शेला-नारळ दिलं. ज्योतीनं त्यांचे पाय धरले. मी ज्योतीला बाजूला घेऊन गजूनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, सरनं गाडीवर नेलं नसतं तं पोरगी राह्यली असती का? कायले काड्या करून राह्यल्या?" गाडीवर त्यांनीच नेलं होतं. पंचायतीत बोलले तर सरपंच म्हणाला, "लेकराच्या बोलण्यावर मास्तरले कसं पकडाचं?" आणि रेणूला विचारलं तर ती जमिनीकडे पाहायची.

मला सूड पाहिजे होता. हा शब्द मी विचार करूनच लिहिते. सरांची बदली व्हावी, नाव खराब व्हावं, असं मला वाटायचं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. पण माझ्या हातात एक डाव आणि एक गंज, त्यानं काय होणार?

मग एका संध्याकाळी रेणू माझ्या चुलीपाशी बसली होती. बोलता बोलता तिनं तापलेला तवा उघड्या हातानं सरकवला. मी ओरडले, "भाजलं ना वं!" तिनं हात मागे लपवला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "छान आहे, आजी."

मी तिचा हात ओढून पाण्याच्या बादलीत बुडवला. बोटांना फोड येत होते आणि पोरगी ओठ दाबून हसत होती. तेव्हा मला माझा सूड दिसला. मास्तरचं मी काही वाकडं करू शकत नव्हते. पण त्यांनी या पोरीच्या डोक्यात जे पेरलं होतं ते मुळासकट उपटणं मला जमलं असतं. निंदण मी जन्मभर केलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी शेंगा भाजून ठेवू लागले. रेणू आली की म्हणायचे, "आज काय वाईट झालं ते सांग. मंग शेंगा."

"काहीच नाई झालं, आजी."

"मंग शेंगाई नाई."

पोरगी शेंगांकडे पाहत बसायची आणि तशीच घरी जायची. किती दिवस असंच चाललं. ज्योती भिंतीवरून म्हणायची, "आजी, लेकराले कायले तरसवता?" मी तिच्याकडे लक्ष देत नव्हते. मग एकदा रेणूनं माझ्या हातचा चहा अर्धा प्यायला, कप खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "आजी, तुयी चाय पानचट रायते."

मी सगळी टोपली तिच्या ओटीत ओतली.

मग नळ सुटल्यासारखं झालं. चपलेचा पट्टा टोचते. गजू वेणी ओढते. माय रेणुकी म्हणते ते आवडत नाही. फुलसावंगीच्या शाळेतल्या बाई गणित दोनदा सांगत नाहीत. बाप वरणात बोटं बुडवते. गळा सकाळी दुखते. हे शेवटचं ऐकून मी तिला पुन्हा यवतमाळला न्यायला लावलं, तेव्हा वेळेवर आणलं हे बरं केलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्योती चिडली, "पोरगी बिघडवली तुमी. तोंड म्हणून बंद राहत नाई." मी म्हटलं, "बिघडू दे."

त्या सकाळचं मात्र ती कधीच बोलली नाही. मी विचारलं की शेंगा सोडून उठून जायची.

इकडे सरांचं नाव वाढतच होतं. महागावला मास्तर लोकांचं शिबिर होतं. आमच्या बचत गटाला स्वयंपाकाचं काम मिळालं, म्हणून मी तिथं. आत भाषण चाललेलं, मी दाराशी वांगी चिरत होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून उठून पाहिलं. सर स्टेजवर. हातात निळ्या अक्षरांचा गोटा, रेणूच्या हातून पडलेला तोच, माझ्या चुलीपासून कधी उचलला देव जाणे. म्हणत होते, "सापाचं विष अंगात होतं. पण या मुलीनं त्याही अवस्थेत चांगला विचार निवडला. शेवटचा शब्द काय होता तिचा? छान! त्या एका शब्दानं ती परत आली." सभा टाळ्यांनी दणाणली. एक मास्तरीण डोळे पुसत होती.

माझ्या हातात चाकू होता. तो ठेवून मी स्वयंपाकाकडे वळले, हे त्यांचं नशीब.

पंगतीत मी त्यांना स्वतः वाढलं. भात बुडाला लागला होता. त्या काळ्या खरपुड्या मी खरवडून काढल्या आणि त्यांच्या ताटात ढीग लावला. शेजारचे लोक पाहू लागले. मी म्हटलं, "घ्या सर. चांगलं चांगलं निवडून खा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि खायला लागले. कडकड आवाज येत होता. एक कण शिल्लक ठेवला नाही. हात धुताना म्हणाले, "छान झालं होतं, मावशी."

त्या माणसाला हरवणं किती कठीण होतं, ते मला त्या दिवशी समजलं. रात्री मला जेवण गेलं नाही.

यंदा सर रिटायर झाले. शाळेच्या अंगणात मांडव टाकला. साहेब आले, जुनी पोरं आली. स्वयंपाक माझ्याकडेच. रेणू आता नववीत आहे, फुलसावंगीच्या शाळेत जाते. ती सकाळपासून माझ्या हाताखाली कांदे चिरत होती आणि कांदे झोंबतात म्हणून माझ्या नावानं बोटं मोडत होती. काय बोलायचं ते मी तिला शिकवलं नव्हतं. ती बोलणार आहे हेही मला माहीत नव्हतं.

सरांना शाल दिली, हार घातला. ते बोलायला उठले आणि पुन्हा तीच गोष्ट निघाली. विष, चांगला विचार, परत आलेली मुलगी. "आणि ती मुलगी आज इथं आहे. ये, रेणू, वर ये."

रेणूनं हात ओढणीला पुसले आणि वर गेली. माइक हातात घेतला. आधी तिचा घोगरा श्वासच ऐकू आला.

"सर, तुमी कधी मारलं नाई. मले गाडीवर दवाखान्यात नेलं. ते खरं हाये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती थांबली. टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली.

"पण त्या दिवशी सकाळी म्या तुमाले सांगतलं होतं, पोट दुखून राह्यलं म्हणून. तुमी मले मडक्यात सांगाले लावलं."

सर हसरा चेहरा तसाच ठेवून उभे होते.

"दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं इचारलं, कोणाले बोलली का म्हणून. तुमी म्हणले, काईच बोलली नाई. सर, मले आयकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, बोट हालत नव्हतं, पण आयकू सारं येत होतं. सांगतलं होतं, सांगतलं होतं, असं मी आतल्या आत ओरडून राह्यली होती. कोणालेच आयकू गेलं नाई."

मी डाव हातात धरून मांडवाच्या कडेला उभी होते. ती पोरगी हे एवढी वर्षं घेऊन फिरत होती, आणि मी तिला शेंगा चारत होते.

सरांनी कंगवा काढला. हातात धरला. केसांकडे नेला नाही. साहेबानं माइक घ्यायला हात पुढे केला, तर रेणूनं दिला नाही.

सर हळू आवाजात म्हणाले, "मंग आतापर्यंत बोलली काहून नाई तू?"

"वाईट विचार केल्यानं वाईट होते म्हणत होते ना तुमी. मले वाटे, म्या पोट दुखते म्हटलं म्हणूनच ते झालं."

ज्योती बायकांत बसली होती. तिनं तोंडावर पदर घेतला. सरांनी कंगवा परत खिशात ठेवला. मग त्यांच्या तोंडून निघालं ते माइकवर आलं नाही, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. मलाही गेलं.

"सांगतलं होतं इनं," सर म्हणाले. "मले सांगतलं होतं."

मला त्यांची कीव आली नाही. यावी असं काही जणांना वाटलं, नंतर बोलूनही दाखवलं. म्हातारा माणूस, निरोपाचा दिवस, एवढं करायला नको होतं, असं म्हणाले. मी विचारलं, "मंग कोणत्या दिवशी कराले पाह्यजे होतं?"

सर जेवायला थांबले नाहीत. शाल खांद्यावरून घसरत होती तशीच फाटकाकडे गेले. मोटारसायकलला किक मारली. सुरू झाली नाही. पुन्हा मारली. एरवी गाडी अडली की दहा पोरं धक्का मारायला धावायची. त्या दिवशी पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढत होते, वाढत राहिले. गजू, जो आता बापापेक्षा उंच झाला आहे, तो जागचा उठला आणि परत बसला. सरांनी गाडी दोन्ही हातांनी ढकलत उतारावर नेली. नाल्याच्या वळणापर्यंत त्यांची पांढरी पाठ दिसत होती, मग दिसेनाशी झाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज काही मला आला नाही.

रेणू पंगतीत बसून जेवत होती. वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला हाका मारत होती. तिला मण्यार चावली होती, आणि इंजेक्शनांनी आणि नळीनं ती वाचली.